सुमनचे इंग्रजी सिनेमे

११ जुलै
सकाळी नगरपालिकेतून सुमनच्या मृत्यूचा दाखला आणला. पाऊस. दुपारी पिठलं-भात. मग तिचा सीडींचा डबा उघडला. सगळे जुने हॉलिवूडवाले, काळे-पांढरे. एक लावला. नायिका तापाने मरणाच्या दारात. ओठ रंगवलेले, केस जागच्या जागी. दिग्दर्शकाने आजारी माणूस पाहिलेला नाही. मी अडीच महिने पाहिला.
ती म्हणायची, "गोष्ट सोडा हो, उजेड बघा." मी पेपर वाचत बसायचो.

१३ जुलै
दुसरा. मोटार जागेवर उभी, मागे पडद्यावर रस्ता पळतो. रस्ता सरळ, नायक चाक फिरवतोय. रोहा डेपोचा कुठलाही ड्रायव्हर हसेल. पुढे नवरा गेल्याची तार. बाई कठडा धरते, लगेच व्हायोलिनं. बाईवर भरवसा नाही म्हणून वाजंत्री. दवाखान्यात मला सांगितलं तेव्हा मी पंखा बंद केला. बस.

१६ जुलै
विलासचा फोन. सुमनचा धाकटा भाऊ, हमरापूरला गणपतींचा कारखाना. लग्नानंतरही डोळ्यांची आखणी तीच करायची, दर वर्षी जाऊन.
"भावोजी, तायचे चौदा गणपती राहिलेत. बुबुळं झालीत, पांढरा ठिपका नाय. नंदा करंल. तुम्हाला चालंल ना?"
बघून सांगतो म्हटलं.

२० जुलै
पेणवरून हमरापूर. विलासच्या बायकोने, नंदाने, एक करून ठेवलेला. उजव्या डोळ्यात ठिपका उजवीकडे, डाव्यात डावीकडे. मूर्ती बावरल्यासारखी.
म्हटलं, "उजेड एकाच बाजूने येतो. दोन्ही ठिपके एकाच बाजूला हवेत."
नंदा म्हणाली, "कंपनीत जन्म काढलेला माणूस आखणी शिकवतोय गो बाय." बाया हसल्या. मग तिनेच मूर्ती उचलून पाहिली, डाव्या डोळ्यातला ठिपका पुसून उजवीकडे काढला.
विलास: "मग उरलेले तेरा तुम्हीच करा. पुढल्या रविवारी गणपती न्यायला टेम्पो हाय. नायतर नंदा हायच."
मी आयुष्यात कुंचला धरलेला नाही. तसेच पाठवावेत तर डोळे विझलेले दिसतात. हात लावला तर ते तिचे राहणार नाहीत.

२४ जुलै
आज तिसरा. शेवट तद्दन खोटा. दोन तास भांडलेली माणसं दोन मिनिटांत गळ्यात गळा. दिग्दर्शक नालायकच. पण अंधाऱ्या खोलीतही बाईच्या दोन्ही डोळ्यांत तो ठिपका, एकाच बाजूला. दिवा धरणारा कोणी शहाणा माणूस असणार. सुमन त्यालाच बघत होती. मला एकदाही नीट विचारावंसं वाटलं नाही.

२६ जुलै, शनिवार
विलासचे दोन फोन. उचलले नाहीत. टेम्पो उद्या दुपारी. सकाळची पहिली एसटी धरली तर पोचेन. पहाटेचा गजर लावला.
संध्याकाळी गिरणीतून पीठ आणलं. गरम होतं. डब्यात ओतलं, झाकण उघडं ठेवलं, निवायला.