बॅटऱ्या जोडण्याआधी

प्रिय छकुली,

आता बोट तू चालवणार, म्हणजे तुला तांडेलीणबाई म्हणायला हवं, पण ते माझ्या तोंडात बसेपर्यंत सांभाळून घे.

टेम्पोतून दोन बॅटऱ्या येतायत. नीट उतरवून घे, कुठे चीर गेली नाही ना ते बघ, पण एकही वायर जोडू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला माहीत आहे. सूचनांचा कागद तू सगळं उघडून, दोन स्क्रू हरवून झाल्यावर वाचतेस. या वेळी तसं करू नकोस, माझी शपथ आहे.

चार दिवसांपूर्वी तुझा फोन आला तेव्हा तू किती आनंदात होतीस. इंजिन दुरुस्त झालं, तळाला नवा रंग लागला, आता फक्त बॅटऱ्या राहिल्या. सोमवारी सकाळी बाबांची बोट तिथल्या दुरुस्तीच्या धक्क्यावरून काढणार आणि जेवायच्या वेळेला आपल्या धक्क्याला लावणार. मी 'बरं बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. मी भित्री आहे हे काही तुला नवीन नाही. तू पोहायला शिकलीस तेव्हा काठावर उभी राहून तुझ्याआधी मीच दमायचे. पण पंधरा वर्षांपूर्वी तुझे बाबा गेले तेव्हापासून जी भीती घरात आली आहे ती निराळी आहे. धुकं पडलं की मी अजूनही खिडकी लावून घेते, आणि तू विचारलंस की सर्दीचं कारण सांगते. आता तीच बोट, तोच समुद्र आणि सुकाणूवर तू. नको जाऊस म्हणायची सोय नाही, कारण तू ऐकणार नाहीस आणि ऐकलंस तर मलाच वाईट वाटेल. माझ्या हातात राहिल्या त्या एवढ्या दोन बॅटऱ्या. तूच म्हणालीस, "आई, त्या तू घे, तुला वेळ आहे. फक्त त्या फ्यूजमास्तरकडून नको." मी हो म्हटलं होतं.

मग कामाला लागले. आधी दाढीकाकांकडे गेले. बाबा गेले त्या सकाळी बोटीवर ते बरोबर होते, तेव्हा बॅटरीचं महत्त्व त्यांच्याइतकं कोण जाणणार? त्यांनी मला समोर बसवून शाळेतल्यासारखं शिकवलं. इंजिन चालू करायला लागते ती बॅटरी वेगळी. ती एकदम जोर लावते आणि मोकळी होते. दिवे, रेडिओ आणि मासे दाखवणारं यंत्र यांना लागते ती वेगळी. ती थोडं थोडं देत दिवसभर पुरते. एकीचं काम दुसरीला लावलं की दोन्ही लवकर मरतात. म्हणून दोन घ्यायच्या, आणि दोन्ही एकाच वेळी नव्या घ्यायच्या. बाबांच्या वेळी सगळ्यांच्या बोटीत एकच बॅटरी असायची आणि तिच्यावरच सगळा संसार. हे सांगताना काका मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. मीही प्यायले.

बाजारातल्या त्या काचा लावलेल्या बॅटरीच्या दुकानात गेले. मालकाने विचारलं, "गाडी कोणती?" मी म्हटलं, बोट. तो म्हणाला, "एकच असतं हो, डोळे झाकून न्या." डोळे झाकूनच काय ते करायचं होतं तर एवढी पायपीट कशाला केली असती मी? बॅटरीच्या कडेला ती बनवल्याचा महिना उठवलेला असतो, तो दाखवा म्हटलं, तर दोन वर्षांपूर्वीचा निघाला. न वापरताही बॅटरी पडून पडून खराब होते हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि ते त्याला तेव्हाच कळल्यासारखा चेहरा त्याने केला. दुसऱ्या दुकानात माल ताजा होता, पण एका बॅटरीचं लेबल जरा सुटलेलं दिसलं म्हणून नखाने उचकटलं, तर खाली दुसरं लेबल! जुनीच धुऊनपुसून नवी केलेली. ती तशीच ठेवून बाहेर पडले. मी लेबल उचकटलं नसतं तर ती सोमवारी तुझ्या पायाखाली असती, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. त्या दिवशी घरी आले आणि शिवायला आलेल्या गणवेशांच्या गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही.

तुला त्या वेळचं काय काय आठवतं, कोण जाणे. आपण त्यावर कधी बोललो नाही, आणि ते मी होऊ दिलं नाही. तू नऊ वर्षांची होतीस. सकाळी धुक्यात जाळं टाकून बाबा इंजिन बंद करून थांबले होते. मोठ्या जहाजाचा आवाज आला तेव्हा त्यांनी इंजिन चालू करायला बटण दाबलं, तर नुसती टक् टक्. दिवा पिवळा पडला आणि विझला. भोंगा वाजला नाही. जहाजाला ते दिसलेच नाहीत आणि ते बोटीला धडकून गेलं. दाढीकाका एका बाजूला पडले आणि वाचले. बोट ओढून धक्क्याला आणली तेव्हा सगळा गाव जमला होता. कुणीतरी बॅटरीची पेटी उघडली. दोनच महिन्यांपूर्वी फ्यूजमास्तरकडून नवी घेतलेली बॅटरी आणि तिच्यात जीव नाही! तेव्हा त्यांना फ्यूजमास्तर कुणी म्हणत नव्हतं, ते नाव त्या दिवसापासून पडलं. ते धावत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही मी दिलेली नाही. मी विकलेल्या बॅटरीच्या शिशाच्या टोकावर खिळ्याने आकडा कोरतो. हिच्यावर आकडा नाही." लोक खवळले. माणूस गेला आणि हा अंग झटकतोय! कुणी म्हणालं, आकडा खरवडला असेल. त्यानंतर धक्क्यावरच्या एकाही बोटीने त्यांच्याकडून काही घेतलं नाही. तू शाळेतून येताना त्यांच्या काचेवर दगड मारलास, आठवतं? मी तुला ओरडले नाही. आई म्हणून ओरडायला हवं होतं.

तर परवा मी त्यांच्याकडेच गेले. तुला रागाने हे पत्र चुरगळावंसं वाटेल, पण थांब. रस्त्याच्या त्या बाजूला मी पंधरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. दुकानासमोरून दोनदा पुढे गेले, दोनदा परत आले. काचेवर अजून चिकटपट्टी आहे. आत स्कूटरच्या आणि ट्रकच्या बॅटऱ्या, आंबूस वास, आणि ते मान खाली घालून काम करताना. केस पांढरे झालेत. मला बघून उठले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "बसा वहिनी." बस्स. मी तुझं सगळं सांगितलं. सोमवार म्हटल्यावर त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, मग आज आणि उद्या, दोन दिवस मला लागतील.

त्यांनी इंजिनासाठीची बॅटरी काढली. मीटर लावलं, काटा भरलेला. मी म्हटलं, मग झालं की. ते म्हणाले, "वहिनी, नुसतं मीटर बघून काही कळत नाही. बसलेल्या माणसाची ताकद दिसते का? ओझं द्यावं लागतं. मेलेली बॅटरीसुद्धा रात्रभर चार्ज केली की मीटरवर भरलेली दिसते. काम सांगितलं की बसते." मग जाड चिमटे लावून पंधरा सेकंद जोराचा भार दिला. काटा जरा खाली आला आणि तिथेच टिकला. ते काट्याकडे बघत होते आणि मी भिंतीला धरून उभी होते. तुला वाटेल आई बॅटरीच्या भाराला घाबरली. नाही गं. त्यांचं ते वाक्य ऐकून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडल्याबरोबर दिव्यांसाठीच्या बॅटरीला बोटीचा मोठा दिवा जोडला आणि दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवला. मला म्हणाले, तुम्ही घरी जा. मी गेले नाही. बाकावर बसून दिवसभर त्या दिव्याकडे बघत होते. गिऱ्हाइकं आली, गेली. एकाने विचारलं, बाई कोण? ते म्हणाले, "तपासनीस आहेत, गप्प बसा." मला हसू आलं आणि लगेच रडू. संध्याकाळपर्यंत दिवा जराही मंदावला नाही. त्यांनी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली, दोन्हींच्या टोकांवर खिळ्याने आकडे कोरले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी, तेव्हाची माझी बॅटरी नंतर कुठे गेली?"

मी म्हटलं, आधी माझ्या मुलीला सांगते, मग तुम्हाला, मग धक्क्यावर सगळ्यांना. ते म्हणाले, ठीक आहे. पंधरा वर्षांत त्यांना एवढंच विचारायचं होतं असं वाटलं.

म्हणून हे पत्र. त्यांची बॅटरी आपल्या घरात होती, छकुली. बोटी बंद असायच्या ते दोन महिने सगळेच जण बॅटऱ्या घरी आणून ठेवायचे आणि वीज गेली की पंखा-दिवा लावायचे, तशी आपणही आणली होती. आधीची जुनी टाकायची राहिली होती. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि बाबा निघाले त्या दिवशी वीज नव्हती, तुला सणसणून ताप होता आणि तुझ्या उशाचा पंखा नव्या बॅटरीवर चालू होता. दाढीकाका बॅटरी न्यायला दारात आले. जुनी मी आदल्या रात्रभर, वीज असताना, चार्ज केली होती. मीटर लावून बघितलं, काटा भरलेला. वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न, ते आले की बदलून देईन. मी जुनी उचलून दिली. बाबांना सांगितलंसुद्धा नाही, कारण ते पंखा बंद करा म्हणाले नसते, पण जुनी दिली म्हणून माझ्यावर चिडले असते. नंतर धक्क्यावर सगळ्यांनी मला विचारलं, हीच ना ती नवी? मी हो म्हणून मान हलवली. घरी येऊन त्यांची बॅटरी ओट्याखाली पोत्याने झाकली. टाकून देण्याची हिंमत झाली नाही. वीज जायची तेव्हा तू जिच्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास केलास ती तीच. साडेपाच वर्षं चालली. विश्वासाची बॅटरी कोणाची, हे मला दुकानं फिरून शोधायची गरजच नव्हती. ते मला एकटीला पंधरा वर्षं माहीत आहे. तुझा ताप तुझी चूक नव्हती, हे दहा वेळा वाच. चूक माझी, आणि खोटंही माझंच. सोमवारी तू धक्क्याला लागशील तेव्हा सगळे जमतील, मी मास्तरांनाही बोलावलंय, आणि सगळ्यांसमोर मी हे बोलणार आहे. मला लोकांची भीती वाटते, तुझ्या तोंडाकडे बघायची तर फारच वाटते. पण या घटकेला सगळ्यात मोठी भीती एकच आहे, की हे वाचून संतापाने तू त्या दोन बॅटऱ्या परत पाठवशील आणि मिळेल ती कुठली तरी जोडून निघशील. माझ्याशी बोलू नकोस, मला बघायला येऊ नकोस, हवं तर बोट तिथल्याच धक्क्याला ठेव. पण याच जोड. राग माझ्यावर काढ गं, बॅटऱ्यांवर नको.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
आई