कानाला न कळणारा फरक

प्रिय गंधार,

फोनवर तू 'बोल ना आई, ऐकतोय' म्हणतोस आणि मागे तुझ्या कीबोर्डची टकटक चालू असते, म्हणून हे कागदावर लिहितेय. तू पाठवलेलं बंगळुरूचं तिकीट मिळालं. फ्लॅट बघायला एक जोडपंही येऊन गेलं. त्यातल्या बाईंनी बाबांच्या सीडींच्या कपाटाकडे बोट दाखवून 'हे काढणार ना?' असं विचारलं. काढणार, म्हटलं. तुझंही तेच म्हणणं, की सीडी सगळ्या एमपीथ्री करून टाक आणि दोन बॅगांत मावेल तेवढंच घेऊन कायमची ये.

तर बसले करायला. तुझा जुना लॅपटॉप आणि तू पाठवलेला सीडी ड्राइव्ह. दुपारी जेवण झालं की एक सीडी आत सरकवायची आणि ती उतरेपर्यंत डबीवरचं बाबांचं अक्षर वाचत बसायचं. रागाचं नाव, गाणाऱ्याचं नाव, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'विद्यूला आवडणार नाही'. हा शेरा निम्म्या डब्यांवर आहे! खोटं नाही म्हणा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला तोडी आणि मुलतानी यांतला फरक डोकं दुखायच्या वेळेवरून कळायचा. सकाळी दुखलं तर तोडी, दुपारी दुखलं तर मुलतानी. बाबा गेले आणि डोकेदुखी थांबली, पण तिची अशी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

तू म्हणालास, एकशे अठ्ठावीस केबीपीएसवर कर, दर्जा थोडा उतरतो पण जागा कमी लागते, 'तुला काय कळणार आहे फरक'. हे मात्र मला लागलं. जन्मभर पोरांना गणित शिकवलंय मी, ताळा केल्याशिवाय उत्तर मान्य करायची सवय नाही. मग वाचून काढलं. या फायली लहान होतात त्या माणसाच्या कानाला कळणार नाही असं जे जे असेल ते गाळून. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज पहिला जातो, आणि एकदा गेला की परत आणता येत नाही. मला काय कळणार नाही हे ती पद्धत बनवणाऱ्यांनी परस्पर ठरवलं, तुझ्यासारखंच. म्हणून एकच सीडी तीन तऱ्हांनी उतरवली. एकशे अठ्ठावीसची एमपीथ्री, तीनशे वीसची एमपीथ्री, आणि एएसी नावाच्या दुसऱ्या प्रकारात दोनशे छप्पन्नची.

सीडी घेतली ती बाबांनी घरी बनवलेली. अंजूरचे हिरामणकाका आपल्या हॉलमध्ये गायले होते, ती. बाबांचे मोठे हेडफोन लावले आणि आधी मूळ सीडीच ऐकायला बसले. काका आलापी करत होते आणि मागच्या गल्लीतल्या कापड कारखान्याचे लूम असे खटखटत होते की मी वैतागून हेडफोनसकट उठले आणि खिडकी लावली. ठमाबाई फरशी पुसत होती, ती बघतच राहिली. मला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाली, "अवो बाय, कारखाना तर कवाच पाडला. तिथं काय बी न्हाय आता, खिडकी कशाला लावताय?" मी हेडफोन काढले. खरंच काही नव्हतं, खटखट सीडीतच होती. तुला आठवणार नाही, पण तान्हा असताना लाइट गेली आणि लूम थांबले की तू दचकून रडत उठायचास. गोदामासाठी ती शेड पाडली तेव्हापासून माझंही तसंच झालंय, फक्त मला थोपटायला कुणी नाही.

गाण्यात मला फरक कळला नाही, हे कबूल करते. तुझ्या एकशे अठ्ठावीसमध्येही काका छान गातात. पण लूमची खटखट त्यात भात रटरटावा तशी होते. आणि गाणं संपल्यावर बाबा रेकॉर्डिंग बंद करायला विसरलेत. कप वाजतात, काका खाकरतात, आणि लूमच्या आडून बाबा हळूच त्यांना म्हणतात, "आवडत नाही म्हणते ही, पण स्वयंपाकघराचं दार कधी लावत नाही बघ." मूळ सीडीवर हे स्वच्छ आहे. तुझ्या फायलीत नुसती गुणगुण. माहीत नसतं तर तिथे कुणी बोलतंय हेही समजलं नसतं. तीनशे वीसमध्ये ऐकू येतं, एएसीमध्येही येतं, आणि एएसीला जागा कमी लागते, तुझ्या फोनवरही चालते. म्हणून सगळ्या सीडी एएसीत केल्या. दार लावत नव्हते हे त्यांना माहीत होतं तर! मला कधी बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं. सगळी गाणी भरलेलं मेमरी कार्ड सोबतच्या पाकिटात आहे. ते तुझ्यासाठी आहे, कारण मी येत नाहीये. तिकीट रद्द कर. त्या जोडप्याला मी नाही म्हणून कळवलंय. मागच्या खेपेला दोन महिने तुमच्याकडे राहिले. सून म्हणून नेत्रा गुणी आहे, तूही जपतोस. पण मी जरा गप्प बसले की तुम्हा दोघांचे चेहरे पडायचे, म्हणून मी दिवसभर आनंदात असायचे आणि आंघोळीला गेले की नळ सोडून रडून घ्यायचे. इथे मी एकटी आहे रे, फार एकटी आहे. कधी कधी ठमाबाईशिवाय दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. पण इथे ते लपवावं तरी लागत नाही. तू असं कर, दोन दिवस ये. एकटा ये, लॅपटॉप घरी ठेवून. मी मजेत आहे असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. बाबा गेल्यापासून आपण दोघं एकदाही एकमेकांसमोर रडलेलो नाही.

तुझीच,
आई