फरीदाबादची कॉफी आणि वृंदाचं स्थळ

मयूर विहार, दिल्ली
रविवार

प्रिय ताईस,

दिनकरचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का? तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? (पुढचा मजकूर वाचण्याआधी तपासून घे.) आम्ही सगळे ठीक. दिल्लीचा उन्हाळा सुरू आहे, म्हणजे गार पाण्याच्या नळालाही गरमच पाणी येतं. बाकी तक्रार नाही.

पत्रास कारण आपली वृंदा. "बाबा, तुम्ही फरीदाबादला येऊन श्रीरंगला भेटायलाच हवं," असं तिचं बरेच दिवस चाललं होतं. श्रीरंग म्हणजे इंजिनिअरची बरी नोकरी सोडून कॉफी भाजायला बसलेला मुलगा. आता तिचं वय, त्याचं वय आणि हे 'भेटायलाच हवं', एवढं समोर असताना जन्मभर सरकारी फायली वाचलेल्या माणसाला आणखी काय कळायचं राहतं? मी सुनीतीला म्हटलं, प्रकरण पुढे गेलंय, माझा इस्त्रीचा शर्ट काढ. (ती स्वतः आली नाही. जावयाची पहिली परीक्षा सासऱ्याने घ्यावी, असं म्हणाली आणि झोपली.)

मुलगा नम्र निघाला. मी विचारलं, आमच्या घरच्या कॉफीत आणि तुझ्या कॉफीत असा फरक तरी काय? तर म्हणे, साध्या कॉफीत नाना मळ्यांचं कच्चंपक्कं बी एकत्र करतात, त्यातले दोष झाकायला काळं होईपर्यंत भाजतात आणि वर चिकोरीच्या मुळांची पूड घालतात. त्याची ती स्पेशॅलिटी कॉफी. एकाच मळ्यातली, फक्त पिकून लाल झालेली फळं हाताने तोडलेली, बी निवडून बेताने भाजलेलं. जाणकार लोक ती चाखून शंभरपैकी गुण देतात आणि ऐंशीच्या खाली सगळे नापास. (आपल्या घराण्यात ऐंशीच्या वर कोण गेलंय, ताई? आपण सगळे साधी कॉफी.)

मग चव घेण्याचा कार्यक्रम. दूध नाही, साखर नाही. चमच्यात घ्यायची आणि फुर्रकन ओढायची. ताक पिताना ज्या आवाजाबद्दल आई पाठीत धपाटा घालायची, तोच आवाज इथे जितका मोठा तितका माणूस मोठा! गुरुग्रामच्या कुठल्याशा हॉटेलचे खरेदीवाले गृहस्थ आले होते, ते डोळे मिटून म्हणाले, "संतरे का छिलका!" वृंदाला गूळ लागला. माझी पाळी आली. स्थळ चांगलं आहे, तेव्हा जाई नाहीतर जुई म्हणून सुटावं असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं, "हिंग."

वृंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी चमचाच खिशात घातला. श्रीरंगने मात्र त्याच कपातली कॉफी पुन्हा ओढली, मग आत जाऊन पोत्यात नाक घातलं आणि तिथेच मटकन खाली बसला. भिंतीपलीकडे मसाल्याचा कारखाना आहे, आणि कॉफीचं बी आजूबाजूचा वास ओढून घेतं म्हणे. हॉटेलवाले हसून म्हणाले, "अरे यार, किसे पता चलेगा? हमें तो बढिया लगी." ते सगळा माल उचलायला तयार होते, ताई, आणि ती पोराची पहिली मोठी ऑर्डर. त्याचा चेहरा पडलेला मला दिसत होता. तरी तो म्हणाला, "अब मुझे तो पता है ना, सर. ये माल नहीं दूंगा." आणि माझ्याकडे वळून, "थँक यू, काका." ज्याने त्याचा धंदा बुडवला, त्याला! मी खिशातला चमचा काढून गुपचूप टेबलावर ठेवला. हॉटेलवाल्यांनी जाताना त्याची पाठ थोपटली, नवा माल आला की पहिला फोन आम्हाला, म्हणाले. परतताना मेट्रोतच मी ठरवून टाकलं, जावई करीन तर हाच.

कॉफी मात्र थेट काढ्यासारखी लागते, हे तुझ्यामाझ्यातच राहू दे.

तुझा,
दिनकर

ता. क. : खरं काम हे, की घराण्यात शेवटचा शब्द अण्णासाहेबकाकांचा, तेव्हा त्यांना तू राजी कर. 'कॉफीवाला जावई' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर स्टेशनवर थर्मास घेऊन ओरडणारा माणूस येणार. तुझं ते ऐकतात.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी वृंदाला माझी संमती कळवली. ती म्हणाली, "कोणाच्या लग्नाला?" श्रीरंग नुसता मित्र आहे म्हणे. चव बघायला त्याला कॉफीतलं ओ की ठो न कळणारा माणूस हवा होता, तर हिने ताबडतोब माझं नाव सुचवलं. तेव्हा काकांशी काही बोलू नकोस. पण ताई, असा मुलगा हातचा जाऊ देणं बरं नाही. तुझ्या पद्मजाचं अजून कुठे जमलं नाही ना?