इस्तो बसू दे

साक्री,
सोमवार, ९ फेब्रुवारी १९८७

प्रिय कुंदा,

हे पत्र मंदा तुझ्या हातात देईल. आधी दाराला कडी लाव, मगच वाच, आणि वाचून झालं की चुलीत घाल. माझी मागची चिठ्ठी तू राज्यशास्त्राच्या वहीत ठेवली होतीस ना? पुन्हा तसं करू नकोस. का, ते सांगतो. पण मला सगळं क्रमानं सांगू दे, नाहीतर मी मध्येच तापतो आणि अक्षर बिघडतं, हे तुला माहीतच आहे.

आधी एक कबुली. मी हॉटेलात मॅनेजर आहे असं लिहिलं होतं, ते खोटं. साक्रीच्या पुढे सुरत रोडवर पितांबर आबांचा ढाबा आहे, तिथे मी सिगडीवर कोंबड्या भाजतो. सकाळपासून धूर, अंगाला वास, हातावर चट्टे. तुमच्या घरात कोंबडीचं नाव निघालं तरी तुझी आई देवघराचं दार लावून घेते, म्हणून लिहायची हिंमत झाली नाही. घरचे आणि अख्खी गल्ली म्हणते, नाव पंडित आणि एस.वाय.लाच कॉलेज सोडून बसला. हसू दे. पण इथे एक गोष्ट माझी स्वतःची झाली आहे, आणि ती पहिल्यांदा तुलाच सांगायची होती.

तुमच्याकडून सुरतेला केळी घेऊन जाणारा झिपरू ड्रायव्हर इथे जेवायला थांबतो. वाटेत फार पिकलेली, सुरतेपर्यंत टिकणार नाहीत अशी केळी तो काढून देतो. टाकायला जिवावर येई. एकदा मी ती कुस्करली, चिंचेचा कोळ घातला, गूळ, भरपूर लसूण, आपली लाल मिरची, आणि मंद आचेवर डाव उभा राहीपर्यंत आटवलं. भाजत्या कोंबडीवर ब्रशनं तो सॉस लावला, आणि दोन मिनिटांत सगळं काळंठिक्कर. आबांनी सळई उचलून माझ्या नाकापुढे धरली. म्हणाले, “बठ्ठं जळी गयं. घाई कसाले करस? गोड शे ते, जाळवर लावशी तं जळनारच. इस्तो बसू दे, मंग लाव.” म्हणजे ज्वाळा खाली जाऊ दे, निखाऱ्यावर राख चढू दे, मांस आतून शिजू दे, आणि मग अगदी शेवटी सॉस. वर म्हणाले, “तुन्हं डोकं बी असंच शे.” त्या दिवशी मी रागानं जेवलो नाही. पण आठवड्याभरात ड्रायव्हर लोक लांबूनच ओरडायला लागले, “पंडितभाऊ, केळीवाली लाव!”

आबा माझ्या डोक्याबद्दल बोलले आणि मला फळ्याचा दिवस आठवला. फळ्यावर तुझं नाव माझ्या नावाशी जोडून कोणी लिहिलं ते समजून न घेता मी समोर दिसला त्याला डस्टर फेकून मारलं. चार टाके पडले त्याला, आणि लिहिणारा तिसराच निघाला. प्राचार्यांनी फक्त माफी लिहून मागितली होती. तू जिन्यात माझा शर्ट धरून म्हणालीस, “लिही ना, दोन ओळी तर आहेत.” मी शर्ट सोडवून घेतला आणि गेटाबाहेर पडलो. त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर आज मला हे चार कागद भरावे लागले नसते. मी ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणालो की तू हसायचीस, ते ऐकायला तरी कॉलेजात राहायला हवं होतं.

आता परवाचं. शनिवारी दुपारी तुमचा केळीचा ट्रक थांबला आणि झिपरूच्या बाजूनं तुझा भाऊ शालिग्राम उतरला. मला वाटलं खाटेवर बसून चहा घेईल आणि जाईल. तर म्हणे, कोंबडी लाव! हो, तुझाच भाऊ. मी सिगडीआड तोंड लपवलं, पण हात ऐकेना. आग भडकलेली असतानाच मी सॉस थापला, कोंबडी जळाली. आबांनी ती काढून घेतली. दुसरी मी नीट लावली. शालिग्रामनं ती बोटं चाटून खाल्ली आणि हाक मारली, “कोणी बनवली रे? इकडे पाठवा त्याला.”

मी गेलो. हातात गरम सळई तशीच होती. त्यानं मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. “पंडित? कॉलेज सोडून इथं कोंबड्या भाजू ऱ्हायला का?” मी मान हलवली. “हे गोड कशाचं आहे?” मी म्हणालो, “तुमच्याच मळ्याच्या केळीचं.” तो हसला. मग रुमालानं एकेक बोट पुसत, अगदी हळू आवाजात म्हणाला, “शुक्रवारी पाच वाजता भुसावळ स्टँडवर तूच येणार ना तिला न्यायला? नानांना अजून सांगितलं नाही मी. आम्ही चौघं येतो, नीट पोचवू तुला.”

कुंदा, वहीतली ती चिठ्ठी त्यानं वाचली होती. खरं सांगतो, सळईची मूठ माझ्या हातात फिरली होती. एका क्षणाचं काम होतं. मागून आबांचा आवाज आला, “पंडित, इस्तो बसू दे.” त्यांना काय प्रकरण आहे ते ठाऊकसुद्धा नव्हतं. मी सळई बादलीत बुडवली, चर्र झालं, आणि माझ्या तोंडून निघालं, “अजून एक लावू का?” शालिग्रामनं ताट पुढे सरकवलं. म्हणाला, “लाव.” तीही त्यानं संपवली. त्यानं कोंबडी खाल्ली हे मी तुमच्या घरी कधी बोलणार नाही, आणि बोलणार नाही हे त्यालाही कळलं असावं. जाताना शिवी दिली नाही.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी स्टँडवर येऊ नकोस. पिशवी भरली असशील तर रिकामी कर. मी घाबरलो असं वाटेल तुला, तर वाटू दे. पण मी पळत नाही, येतोय. शालिग्राम बुधवारी सुरतेहून परतेल, आणि तो घरी असतानाच, गुरुवारी सकाळी अकराला, मी एस.टी.नं येऊन तुमच्या ओट्यावर बसेन. नानांकडे माझ्या तोंडानं तुझा हात मागेन, कोंबड्या भाजतो हेही सांगेन. सोबत सॉसची एक बाटली आणतो. आबांच्या घरी त्यांच्या पत्नी यशोदाबाईंच्या वेगळ्या पातेल्यात आटवलाय, मांसाचा हात लागलेला नाही, भरताच्या वांग्यावर चालेल. ते मला हाकलतील, कदाचित मारतील. मी हात उचलणार नाही, तुझी शपथ. मला फक्त एक बघायचं आहे. ओट्यावर पाण्याचा तांब्या तू घेऊन आलीस, तर मी संध्याकाळपर्यंत तिथून हलणार नाही, कोणी काहीही करो. आणि वहिनी घेऊन आली, तर पाणी पिऊन, बाटली ठेवून, साक्रीची गाडी धरेन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. तुझं तू ठरव, घाई करू नकोस. गुरुवारपर्यंत वेळ आहे.

अजून तरी तुझाच,
पंडित