दिगंबरराव दुखताहेत

सोनागिरी, भोपाळ

ती. नलिनीमावशी,

मंजूषाचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? उज्जैनची थंडी त्यांना मानवत नाही, म्हणून आधी तेच विचारते. आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं.)

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. तपासणीत कॅन्सर निघाला. लवकर कळलंय, घाबरू नकोस. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शरीरातली पेशी गरजेपुरती वाढते आणि वेळ झाली की निमूट मरते. एखादीच्या आतल्या सूचना हळूहळू बिघडत जातात. मग तिला ‘थांब’ म्हटलेलं कळत नाही, मरायचंही ती विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पुढे स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि फावलं तर दुसरीकडेही बिऱ्हाड थाटते. मला तिथेच हसू फुटलं. हे तर आमचे शेजारी दिगंबरराव! आधी पोर्च, मग पोर्चवर खोली, मग खोलीसाठी गल्लीत जिना, आणि पाणी आमच्या नळाला पाइप जोडून.

तुझ्या जावयाला, समीरला, तो शब्द अजून उच्चारता येत नाही. मी ही गंमत सांगितल्यापासून तो ‘आज दिगंबरराव दुखताहेत का?’ एवढंच विचारतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात सगळं ओरडून चालतं. परवा त्यांनी अंगणातून विचारलं, ‘‘मंगळवारी दिगंबररावांना कापून काढणार ना गं?’’ खरे दिगंबरराव त्यांच्या जिन्यात दात घासत उभे होते.

संध्याकाळी ते पपई घेऊन आले. मला सगळं सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, ‘‘वहिनी, पाइप मी आजच हटवतो.’’ जणू त्यानं आतल्या गाठीचंही पाणी तुटणार होतं. मावशी, इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तेव्हा रडले.

तू मात्र येऊ नकोस. प्रवास झेपणार नाही, आणि इथे सगळे आहेत.

तुझी
मंजूषा

ता. क. पाइप खरंच निघाला. आता तिथे त्यांची टाकी बसते आहे, आमच्या भिंतीला टेकून.

आणखी एक. ऑपरेशनला दोन वेण्या घालून या, असं सिस्टर म्हणाल्या. आई गेल्यावर शाळेसाठी त्या तूच घालायचीस. मला दुसऱ्या कुणाच्या नकोत. स्टेशनवर दिगंबरराव गाडी आणतील. तुझा पलंग खालीच लावलाय.