क्राइसलांचं दार

३ नोव्हेंबर १९९८

पोचले एकदाची! चढावर बस दोनदा धापा टाकत थांबली, पण पोचले. वरच्या हाइडला उतरणारी मी एकटीच. ड्रायव्हरने बॅग खाली ठेवताना विचारलं, बाई, चुकून तर उतरत नाही ना?

थांब्यावर झाइफर्ट नावाचे शेजारी हातगाडी घेऊन हजर होते. जन्मभर जंगलात लाकूडतोड केलेला माणूस. आता निवृत्त, पण तोंड अजून कामावर आहे. बॅग उचलली आणि म्हणाले, सिस्टर, यात पेशंट भरून आणलेत की काय? आमच्याकडचे पुरणार नाहीत असं वाटलं होय तुम्हाला? मी हसले. किती दिवसांनी हसले.

गाव म्हणजे डोंगराच्या कण्यावरून जाणारा एक रस्ता, त्याच्या कडेने घरं. झाडं सगळी उत्तरेकडे वाकलेली, कुणीतरी कंगवा फिरवल्यासारखी. दक्षिणेला उतार, तळाशी ओढा, तीच सरहद्द. पलीकडे बोहेमिया, म्हणजे चेक मुलूख. तिथे नुसतं गवत आणि काही म्हातारी सफरचंदाची झाडं.

माझी मुख्य पेशंट हेंग्स्टआजी. साखर, पायाला न भरणारी जखम, आणि घरात दुसरं कुणी नाही. मला माडीवरची खोली दिली आहे. शहरातल्या इस्पितळात रात्रपाळ्या करून करून माझी हाडंसुद्धा जागी राहायला शिकली आहेत. इथे ती झोपतील. जेवायला बटाट्याचे गोळे आणि आंबट कोबी होता. दोनदा वाढून घेतलं.

११ नोव्हेंबर

दिवसाला एक चाल आली आहे. सकाळी आजींचं इंजेक्शन, मग पायाचं ड्रेसिंग, मग गावातल्या इतर म्हाताऱ्यांकडे चक्कर. दुपारी आजी आणि मी कॉफी पितो. आजी फार बोलत नाहीत, पण त्यांचं गप्प बसणं जड वाटत नाही.

घर अगदी साधं. फक्त स्वयंपाकघराचं मागचं, ओढ्याकडचं दार मात्र या घराचं वाटत नाही. जाड ओक, वर उगवता सूर्य कोरलेला, लोखंडी कुलूप. आतून नंतर बसवलेली भक्कम कडी. आजींनी दारासमोर बाक आडवा लावून त्यावर कोळशाची पोती रचली आहेत. ऊन आत येईल, काढू का, म्हणून मी विचारलं. आजी म्हणाल्या, हे दार उघडायचंच नाही, बोहेमियन सुटला की तर मुळीच नाही, आणि हिवाळाभर तो कधी सुटेल त्याचा नेम नाही.

पलीकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे नुसतं बोहेमियन म्हणतात. नकोशा पाहुण्याबद्दल बोलावं त्या सुरात.

१९ नोव्हेंबर

पहिला बर्फ पडण्याआधी ओढ्यापलीकडे फिरून येऊ, असं झाइफर्टच म्हणाले. गवतात दगडी पायऱ्या आहेत. चढून जावं तर वर घरच नाही. अशा कितीतरी. हे खालचं हाइड. मी विचारलं, माणसं कुठे गेली?

झाइफर्टनी बुटाने एका पायरीवरचं गवत बाजूला सारलं. मग सांगितलं, की युद्ध संपलं त्या हिवाळ्यात चेक सरकारचा हुकूम आला, जर्मन बोलणाऱ्या खालच्या हाइडने घरं रिकामी करायची. हाताला लागेल ते गाठोडं बांधून अख्खं गाव बर्फातून स्टेशनाकडे चालत निघालं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना एकच बोली, सोयरिकीही एकमेकांत. स्टेशन लांब. म्हातारी, लेकुरवाळी वाटेत जरा टेकली, ती तिथेच राहिली. पुढे घरं पाडली. पण पाडण्याआधी आमच्या लोकांनी आपल्याला हवं ते उचलून आणलं. कुणी तुळया, कुणी खिडक्या, कुणी दारं.

माझं अर्धं छप्पर परदेशी आहे, सिस्टर, असं म्हणून ते हसले, आणि मग हसण्याचं काही कारण नाही हे त्यांच्याही लक्षात आलं. आजींचं ते सूर्याचं दार क्राइसल कुटुंबाचं. आजींनी आणि त्यांच्या नवऱ्याने ते बिजागऱ्यांतून काढून आणलं.

२४ नोव्हेंबर

बर्फ, आणि तीन दिवस बोहेमियन. हा वारा शीळ घालत नाही. कुणीतरी भिंतीला खांदा लावून उभं राहावं तसा रेटत असतो. बस बंद. फोनची तार तुटली.

दुपारी चक्कर मारून परत आले तर कोळशाची पोती जमिनीवर, बाक बाजूला, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या खुर्च्या शेगडीभोवती ओढलेल्या. आजी आपल्या खोलीत झोपलेल्या. त्यांना काठीशिवाय उभंही राहता येत नाही. मी सगळं जागच्या जागी लावलं. तेवढ्या कामाने इतकी दमले, जणू दोन पाळ्या सलग केल्या. जिन्यावरच बसून राहिले.

खोलीला ओल्या लोकरीचा वास येतोय.

२८ नोव्हेंबर

आज कॉफीच्या वेळी ते झालं. आजी आणि मी टेबलाशी. बाहेर लख्ख उजेड. मागच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली. बाहेरून. सावकाश, थंडीने बोटं बधिर झाली की फिरवतात तशी.

मी उठले, आजींनी हात धरला. म्हणाल्या, आना क्राइसल गाव सोडताना दाराला कुलूप लावून निघाली होती. किल्ली तिच्याकडेच. आम्ही दार काढलं तेव्हाही ते कुलूपबंदच होतं. या घरात त्याची किल्ली कधी नव्हतीच, मार्लिस.

मी म्हटलं, कुणी असेल तर दार वाजवेल.

"आपल्याच घराचं दार कोण वाजवतं गं?" आजी म्हणाल्या.

कडी आपणहून सरकली नाही. आजींनी काठी टेकत जाऊन, पोत्यांवरून हात घालून सरकवली. मी पाहत होते आणि मला अडवता आलं नाही. हात उचलेना. बाक पोत्यांसकट मागे रेटत दार उघडलं, वारा आत आला, आणि मग आणखी काही. दिसलं काहीच नाही. एकेक खुर्ची करकरली, वजन पडल्यावर करकरते तशी. आलेल्यांनी काही केलं नाही. फक्त बसले.

३० नोव्हेंबर

झोपते, आणि झोपेतून जास्त दमून उठते. आजी जेवत नाहीत. म्हणतात, त्यांनी खाल्लं नाही तर मी कशी खाऊ. सकाळी पाहिलं तर स्वतःचा पलंग सोडून जमिनीवर पडल्या होत्या. पलंगात कुणी म्हातारी निजली आहे म्हणे. मी आजींना उचलून पलंगावर ठेवायला गेले. गादी मधोमध खोल दबलेली होती. ओली.

परत जमिनीवरच अंथरूण घातलं.

२ डिसेंबर

हेंग्स्टआजी गेल्या. पहाटे कधीतरी. शेगडीजवळच्या खुर्चीत, अंगात कोट, पायात बूट. निघायच्या तयारीत, किंवा नुकत्याच पोचल्यासारख्या.

रडू आलं नाही. तेवढी ताकदच नाही.

झाइफर्ट आले. आज एकही विनोद नाही. आम्ही आजींना चादरीत गुंडाळून पुढच्या थंड खोलीत ठेवलं. रस्ता उघडेपर्यंत दुसरं काय करणार. मी म्हटलं, दार परत करू या. ते त्यांचं आहे, त्यांना हवं आहे. झाइफर्टनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, हे कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

३ डिसेंबर

केलं. दार बिजागऱ्यांतून काढलं, लाकडं ओढायच्या घसरगाडीवर बांधलं, उतारावरून नेलं. दर थोड्या अंतरावर बसावंसं वाटत होतं. झाइफर्ट ओरडत होते, बसायचं नाही, सिस्टर, खबरदार! गोठलेला ओढा. मग पायऱ्या. क्राइसलांच्या उंबऱ्यावर दार उभं केलं, मागून दगडांचा टेकू दिला. कोरलेल्या सूर्यावर बर्फ बसला होता तो मी बाहीने पुसला. झाइफर्टनी टोपी काढली.

परतताना वारा एकदम पडला. मला वाटलं, संपलं.

दाराच्या जागी फळ्या ठोकल्या. शेगडी पेटवली. सूप केलं, दोघांनी खाल्लं. घरात आम्ही दोघंच. किती हलकं वाटतंय.

५ डिसेंबर

चुकलं.

बोहेमियन पुन्हा, कधी नव्हे इतका. फळ्या उडाल्या. भिंतीला नुसतं भोक. आता कळतंय, त्या कुलपाची किल्ली एकाच घराकडे होती. फक्त क्राइसल येऊ शकत होते. आता कुलूप नाही, किल्ली लागत नाही. अख्खं खालचं हाइड थंडीत उभं आहे, आणि वर उजेड दिसणारं, दार नसलेलं हे एकच घर—

येताहेत. पावलं नाहीत. जमीन दबते, एवढंच.

६ डिसेंबर

झाइफर्ट मला न्यायला आले होते. दुपारी. म्हणाले, चला, माझ्याकडे, आत्ताच्या आत्ता. मग म्हणाले, जरा टेकतो.

जिन्यावर बसलेत. हाक मारली. डोळे उघडे आहेत. ओ देत नाहीत.

७ किंवा ८

स्वयंपाकघर भरलं. जिना भरला. कुणी त्रास देत नाही. इतकी दमलेली माणसं त्रास काय देणार. ओल्या लोकरीचा वास, आणि उसासे—

शेगडी विझली. उठायला हवं.

—

बाहेर बर्फ काढणाऱ्या गाडीचा भोंगा. खरा. रस्ता उघडला. दिवा दिसतोय, थांब्यापाशी. हाक मारली तर ऐकू जाईल. धावले तर पोचेन.

उठणारच होते. पण कुणीतरी माझ्या मांडीवर मूल ठेवलंय. लहान आहे. थंडगार. डोकं माझ्या दंडावर, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. इतकं चाललंय बिचारं. गाडी वळतेय. एकदाच हाक मारायची, पण मारली तर ते जागं—