तो एक राउंड माझा होता

प्रिय मध्या,

तू गेल्यावर तुला काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं मी. फ्युनरल होममधून परतताना गाडीत दोन ओळी सुचल्या होत्या, त्याही कागदावर उतरवल्या नाहीत. म्हटलं, याला जन्मभर कवितेचा कंटाळा, आता तरी कशाला छळा! पण काल जे ऐकलं, त्यानंतर गप्प बसवत नाही. रविवारची सकाळ आहे, चहा समोर गार होतोय, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय.

काल फुटबॉल सीझनमधली, आपल्या मैदानावरची पहिली होम गेम होती. तुझ्याशिवायची पहिली. ॲन आर्बरला आपली तीच जागा, स्टेडियमकडे चालत जाता येईल असा तो गवताचा तुकडा. तुझ्या अमितने गाडी उलटी लावली, डिकी उघडली, ग्रिल पेटवली. तुझी निळी घडीची खुर्चीसुद्धा आणली होती पोराने. कुणीच बसेना तिच्यावर. शेवटी मी माझी थालीपिठांची पिशवी तिच्यावर ठेवली. रिकामी बघवेना रे!

शेजारी नेहमीसारखा बिल होताच, त्याचा तो गंजका ट्रक घेऊन. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्याचा आवाज दुप्पट झालाय, हे तूच म्हणायचास. आधी तो आणि अमित आपल्या टीमच्या क्वार्टरबॅकवर, त्या चेंडू फेकणाऱ्या पोरावर घसरले. पोरगं डावीकडे बघतच नाही म्हणे. मग बिलची गाडी बॉक्सिंगकडे वळली.

"यांना हेल्मेट, यांना पॅड्स, आणि जरा धक्का लागला की निघाले तंबूत डॉक्टरकडे! माझ्या बापाच्या काळचे बॉक्सर बघायला हवे होते. पंधरा राउंड! एक डोळा सुजून बंद झाला, तर कोपऱ्यात बसून म्हणायचे, दुसरा आहे ना अजून?"

काय सांगू मध्या, माझं मन कुठल्या कुठे गेलं! ग्रिलच्या धुरात मला डेट्रॉइटचं ते तळघरातलं बॉक्सिंग जिम दिसायला लागलं. चामड्याचा आणि घामाचा वास. जिन्याखालचा तो गरम पाण्याचा रेडिएटर. तुझी-माझी भाड्याची खोली, तिचं हीटिंग कधी चालायचं नाही, म्हणून संध्याकाळी आपण त्या जिममध्ये जाऊन बसायचो. आठवतं? म्हातारा क्लॅरेन्स, एके काळचा चॅम्पियन, आपल्याला हाकलायचा नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मग एकदा तो समोर येऊन उभा राहिला. "माझ्या रेडिएटरजवळ हिवाळाभर बसलात. आता तुमच्यापैकी एकाने एक राउंड माझ्यासोबत रिंगमध्ये यायचं. इथला रिवाज आहे."

आणि तू काय केलंस? माझ्या पाठीला बोट लावलंस. "हा येईल. हा फार धीट आहे."

पन्नास वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. का, ते तुलाच ठाऊक होतं. सुमनशी माझं लग्न ठरलेलं, सासरे हेडमास्तर. जावई तळघरात मारामारी करतो कळलं असतं, तर पत्रिका परत आली असती! तू त्या रात्री शपथ घेतलीस, "दत्तू, मेलो तरी बोलणार नाही." सुमन आली, तेव्हा मी सांगितलं, बर्फावर घसरलो. जन्मभर ती माझ्या वाकड्या नाकावरून बोट फिरवून हसायची, "तुमचा बर्फ फार एका बाजूचा होता हो." चार वर्षांपूर्वी तीही गेली. खरं न कळताच गेली.

म्हणून काल वाटलं, आता लपवायचं कुणापासून? सांगून टाकावं. तोंड उघडलंच होतं मी. तेवढ्यात अमित म्हणाला, "बिल, माय डॅड वॉज इन द रिंग वन्स. विथ अ रिअल चॅम्प!"

मला आधी वाटलं, पोराची गल्लत झाली. पण तो सांगत गेला, आणि त्याला सगळं पाठ होतं रे! रेडिएटर, रिवाज, क्लॅरेन्सचं डाव्या हाताने खुणावणं. फक्त ग्लोव्ह्ज तुझ्या हातात होते. आणि मी? "दत्ताकाका बाहेर बाकावर बसून, आइज क्लोज्ड, कविता म्हणत होते. ही वॉज सो स्केअर्ड! राइट, काका?"

सगळे हसले. प्रेमानेच हसले. मीही हसलो. काय करणार?

मध्या, चोरायचं तर चोरायचंस, पण मला बाकावर कशाला बसवलंस?

कविता मी म्हणत होतो, कबूल. पण रिंगच्या आत! सहावीत गुरुजींनी पाठ करून घेतलेली, पुरात उभ्या राहिलेल्या एकट्या झाडाची. दुसरं काही सुचेना. क्लॅरेन्स मुठी रोखून गोल फिरत होता आणि मी ओठांत कडवी म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याला नाकावर पडली.

बिलने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. म्हातारा डोळस आहे. "मग तुझ्या नाकाला काय झालं, डॅटा?"

मी उत्तर द्यायच्या आत अमितच म्हणाला, "ओह, काका स्लिप्ड ऑन आइस! फेमस स्टोरी."

माझंच खोटं माझ्या तोंडावर येऊन बसलं. आता कुणाकडे दाद मागू? तुझं नाक तर शेवटपर्यंत फुटपट्टीसारखं सरळ होतं! तुझ्या घरात इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"अमित," मी म्हणालो, "कुठली कविता, ते सांगितलं का बाबाने?"

"नाही काका. आय आस्क्ड. म्हणाले, मला एक ओळही येत नाही." मग ग्रिलकडे बघत म्हणाला, "पण शाळेत मुलं मला त्रास द्यायची ना, तेव्हा बाबा ही स्टोरी सांगायचे. एव्हरी नाइट. आय यूज्ड टू थिंक, माझे बाबा चॅम्पसमोर उभे राहिले."

मी ग्रिलवरचे कोंबडीच्या तंगडीचे तुकडे उलटले. करपले होते सगळे.

गेम जिंकलो की हरलो, विचारू नकोस. माझं लक्ष नव्हतं. रात्री अंथरुणावर पडून मी तुझा हिशेब मागत होतो आणि तेव्हा ते मला आठवलं. अरे गाढवा, तू तुझी खरी गोष्ट कुठे टाकलीस?

मी खाली पडलो होतो. क्लॅरेन्स म्हणाला, "ऊठ, मिनिट बाकी आहे." आणि तू, रक्त पाहून घेरी येणारा तू, नुसत्या मोज्यांवर रिंगच्या दोरखंडांमधून आत घुसलास! तुझा मफलर माझ्या नाकाला लावलास. त्या डोंगराएवढ्या माणसासमोर आडवा उभा राहिलास आणि मोडक्या इंग्रजीत ओरडलास, "नो मोअर! रिमेनिंग मिनिट, यू हिट मी!" पांढराफटक पडला होतास. हात रिकामे, ग्लोव्ह्जसुद्धा नाहीत. क्लॅरेन्सने ग्लोव्ह्ज काढले, तुझ्या गालावर थोपटलं आणि म्हणाला, "उद्यापासून दोघं रोज या. रेडिएटर तुमचा."

माझ्या हातात निदान ग्लोव्ह्ज होते. ही गोष्ट पोराला का नाही सांगितलीस? रक्ताला भ्यायचास, त्याची लाज वाटली? माझी बहादुरी उचललीस आणि तुझी, तिच्याहून मोठी, फेकून दिलीस! याचा राग आहे मला. अजून आहे. माफ केलंय असं समजू नकोस.

तर ऐक. पुढच्या होम गेमला मी अमितला तुझ्या निळ्या खुर्चीत बसवणार आहे आणि सगळं सांगणार आहे. पोराला लागेल, माहीत आहे. नाकावर बोट ठेवून सांगेन, हे माझं. मग ती कविता म्हणेन, सगळी कडवी, बिलसमोर. आणि त्यानंतर, पुरा वेळ घेऊन, मोज्यांवर आत घुसलेल्या तुझ्या बाबाबद्दल सांगेन. माझा राउंड मी परत घेणार मध्या. पण उरलेलं ते मिनिट तुझ्या नावावर ठेवूनच उठेन. हे वचन. तुझ्यासारखं नाही, पाळायचं.

तुझा, वाकड्या नाकाचा
दत्तू